लीलावती: पोथीतली, पाटीवरची आणि पाटणची

सत्यनारायणाची कथा ऐकलेल्या माणसाला लीलावती कोण हे सांगावे लागत नाही. साधुवाण्याची बायको, कलावतीची आई. नवऱ्याने नवस बोलायचा, मूल झाल्यावर फेडू, मग मुलीच्या लग्नात फेडू असे म्हणत तो लांबवायचा, आणि पुढे घरावर जी आफत येते ती मायलेकींनी भोगायची. चाळीसगाव असो की शिंदखेडा, नव्या घराच्या वास्तूला, लग्नानंतरच्या पहिल्या पूजेला ही कथा होतेच. ऐकणाऱ्यांचे निम्मे ध्यान शिऱ्याच्या वासाकडे असते, तरी ही दोन नावे कानावरून गेल्याशिवाय राहत नाहीत. आजी-पणजीच्या पिढीत खानदेशात लीलावती, लिलाबाई, कलावती, कलाबाई सापडतात, त्याचे बरेचसे श्रेय मी या पोथीला देतो.

दुसऱ्या लीलावतीचा पोथीशी संबंध नाही. ती गणिताचे पुस्तक आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्या भागात बेरीज-वजाबाकीपासून त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ, खणलेल्या खड्ड्याची माती आणि सावलीवरून उंची असे सगळे व्यवहाराचे गणित पावणेतीनशेच्या आसपास श्लोकांत बसवलेले आहे. जन्मवर्ष आणि ग्रंथाचे वर्ष दोन्ही आचार्यांनी स्वतः लिहून ठेवली. गावाचे नावही सांगितले, विज्जडविड, सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले. हे विज्जडविड कोणते यावर पंडितांची भांडणे आहेत. कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड. चाळीसगावपासून थोड्या अंतरावर, सातमाळ्याच्या पायथ्याशी जे पाटण आहे, ज्याला आज सगळे पाटणादेवी म्हणून ओळखतात, त्याच्या बाजूने निदान एक कोरीव दगड उभा आहे. त्या दगडाकडे नंतर येऊ. आधी नावाचे पाहू.

लीलावती म्हणजे जिच्या ठायी लीला आहे ती. ‘लीला’ला ‘वत्’ हा प्रत्यय लागला आणि स्त्रीलिंगाची ‘ई’ आली. पद्मावती, प्रभावती, कलावती या सगळ्या याच साच्यातल्या. लीला म्हणजे खेळ, सहजपणा, कष्ट न दिसता केलेले काम. आजही आपण ‘त्याने ते लीलया केले’ म्हणतो तेव्हा तोच अर्थ असतो. जुन्या मराठीत तिची लीळा झाली आणि महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त ती चक्रधरांच्या आठवणींना चिकटली. नाट्यशास्त्रात लीलेला आणखी नेमका अर्थ आहे. नायिकेच्या स्वाभाविक दहा शोभा सांगितल्या आहेत, त्यांत पहिली लीला: प्रियकराच्या बोलण्याचालण्याची प्रेमाने केलेली नक्कल. म्हणजे नावात थट्टा आहे, लाडिकपणा आहे, शृंगार आहे. गणिताच्या पुस्तकाला हे नाव कसे पडले?

उत्तर पुस्तकाच्या पहिल्याच श्लोकात आहे. गणपतीला नमस्कार करून आचार्य सांगतात की मी आता चांगल्या गणिताची पाटी सांगतो. ती शहाण्यांना आवडणारी आहे, स्पष्ट आहे, थोडक्या अक्षरांत आणि कोमल शब्दांत बसवलेली आहे, आणि लालित्याच्या लीलेने भरलेली, म्हणजेच ‘लीलावती’ आहे. पाटी म्हणजे हिशेबाची फळी, आणि त्यावरून अंकगणिताच्या रीतीलाच पाटीगणित म्हणत. आपल्याकडच्या जुन्या शाळांतली धुळपाटी ही तिचीच वंशज. पाटी हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून तिचे विशेषण स्त्रीलिंगी. पहिल्या श्लोकात लीलावती हे कोणा मुलीचे नावच नाही. ते पाटीचे विशेषण आहे.

शेवटच्या श्लोकात आचार्यांनी हीच गंमत उलटी करून दाखवली आहे. तिथे लीलावती सुंदर स्त्रीसारखी उभी केली आहे: चांगल्या जातीची, गुणांच्या वर्गाने नटलेली, जिचा व्यवहार शुद्ध आहे, आणि जिला गळ्याशी धरणाऱ्याला सुख मिळते अशी. एका बाजूने वाचा, कुलीन बायकोचे वर्णन. दुसऱ्या बाजूने वाचा, तर जाति म्हणजे अपूर्णांकांचे प्रकार, गुण म्हणजे गुणाकार, वर्ग म्हणजे संख्येचा वर्ग, व्यवहार म्हणजे व्याजापासून सावलीपर्यंतचे हिशेब, आणि गळ्याशी धरणे म्हणजे तोंडपाठ करणे. श्लेष इतका घट्ट आहे की एक अर्थ काढला तर दुसरा पडतो. ज्याला गणित रुक्ष वाटते त्याने हा एक श्लोक कोणा संस्कृत शिक्षकाकडून समजून घ्यावा.

ग्रंथांना असे बायकी नाव देण्याची तेव्हा रीतच होती. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. ज्ञानेश्वरांनी गीतेवरच्या आपल्या टीकेला ‘भावार्थदीपिका’ म्हटले आणि लोकांनी तिची ज्ञानेश्वरी केली. टीका, वृत्ती, दीपिका, पाटी हे शब्दच स्त्रीलिंगी. वाचस्पती मिश्राच्या ‘भामती’बद्दल मात्र लोकांनी एक गोष्ट रचली: भामती ही त्याची बायको, तिने वर्षानुवर्षे दिव्यात तेल घालत नवऱ्याला लिहू दिले, म्हणून त्याने ग्रंथाला तिचे नाव दिले. मिताक्षरेला मात्र कोणी विज्ञानेश्वराची मुलगी ठरवले नाही. नाव माणसाचे शोभेल असे असले की त्याला माणूस जोडून मिळतो.

लीलावती हे नाव भास्कराचार्यांच्या आधीही चांगले चालत होते. आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास कोऊहल नावाच्या कवीने ‘लीलावई’ नावाचे प्रेमकाव्य लिहिले, आणि तेही महाराष्ट्री प्राकृतात. नायक प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सातवाहन राजा हाल. नायिका सिंहलद्वीपाची राजकन्या लीलावती. आ. ने. उपाध्ये यांनी या काव्याची चिकित्सक आवृत्ती १९४९ मध्ये सिद्ध केली. मराठीची आजी म्हणावी अशा भाषेत, पैठणच्या राजाची राणी म्हणून, लीलावती हे नाव भास्कराचार्यांच्याही किमान अडीचशे वर्षे आधी ऐकू येत होते. गंमत अशी, की पुढे सिंहलात खरोखरच लीलावती नावाची राणी झाली. पराक्रमबाहूची विधवा, पोलोन्नरुवाच्या गादीवर ती ११९७ ते १२१२ या काळात तीनदा बसली आणि दोनदा पायउतार होऊन परत आली. तिची नाणी सापडतात. त्यांवर नागरी लिपीत ‘श्री राज लीलावती’ अशी अक्षरे आहेत. कवीची कल्पना आणि इतिहासातली बाई यांची नावे जुळावीत, तीही एकाच बेटावर, हा योगायोग मला तरी मजेचा वाटतो.

आता पुस्तकातली लीलावती. श्लोकांतून आचार्य कुणाशी तरी बोलत गणिते घालतात. बेरजेच्या पहिल्याच उदाहरणात ते ‘अगं बाळे, बुद्धिमती लीलावती’ अशा अर्थाची हाक मारून विचारतात की २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज किती, आणि ती दहा हजारांतून वजा केली तर काय उरते? बेरीज ३६०, बाकी ९६४०. गुणाकाराला पुन्हा हरणाच्या पाडसासारख्या चंचल डोळ्यांच्या लीलावतीला १३५ ला १२ ने गुणायला सांगतात. उत्तर १६२०. इथवर बाप लेकीला शिकवतो आहे असे म्हणता येते. पण पुढे पानोपानी हाका बदलत जातात. कुठे ‘सखे’ असे मित्राला म्हणतात, कुठे ‘मित्र’, कुठे ‘गणका’, कुठे व्यापाऱ्याला ‘वणिजा’. आणि भुंग्यांच्या गणितात तर हाक आहे ‘कान्ते’.

हे भुंग्यांचे गणित पाहण्यासारखे आहे. एक थवा होता. थव्याच्या निम्म्या संख्येचे वर्गमूळ काढा, तेवढे भुंगे मालतीकडे गेले. पूर्ण थव्याचे आठ-नवमांश भुंगेही तिकडेच गेले. मागे उरली एक जोडी: सुवासाला भुलून रात्री कमळात अडकून पडलेला एक भुंगा, आणि बाहेरून त्याच्या गुंजनाला गुंजनाने उत्तर देणारी त्याची भुंगी. तर कांते, सांग, थवा केवढा? थवा ७२ चा. निम्मे ३६, त्याचे वर्गमूळ ६. ७२ चे आठ-नवमांश ६४. सहा आणि चौसष्ट सत्तर, आणि ती दोघे. आज हे गणित वर्गसमीकरण मांडून दहावीची पोरे सोडवतील. पण कमळात कोंडलेल्या भुंग्याची आणि बाहेर झुरणाऱ्या भुंगीची गोष्ट सांगून कोणता बाप आपल्या मुलीला ‘कांते’ म्हणेल? म्हणून काही अभ्यासक म्हणतात, लीलावती ही मुलगी नव्हे, बायको असावी. मला त्याचीही गरज वाटत नाही. मित्र, व्यापारी, गणक, कांता असे सगळे या पुस्तकाचे श्रोते आहेत, आणि त्यांत एक नाव ग्रंथाच्याच नावाशी खेळते आहे.

मग मुलीची गोष्ट आली कुठून? ती फारसीतून आली. अकबराच्या आज्ञेने त्याच्या दरबारचा कवी फैजी याने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. त्याच्या प्रस्तावनेत ही कथा येते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशे सदतीस वर्षांनी. कथा अशी: लीलावती ही भास्कराचार्यांची लेक. तिच्या पत्रिकेत नवरा-मूल नाही असे दिसत होते. बापाने हिशेब करून एक असा मुहूर्त शोधला की त्या क्षणी लग्न लागले तर दोष टळेल. पाण्याच्या मोठ्या भांड्यात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडली. वाटी भरून बुडाली की मुहूर्त. कुतूहलाने मुलगी वाटीवर वाकली, तिच्या लग्नाच्या पोशाखातला एक मोती सुटला, वाटीत पडला आणि भोकावर बसला. पाणी आत यायचे थांबले. सगळे वाट पाहत बसले, आणि मुहूर्त कधीच निघून गेला. तेव्हा बाप म्हणाला की मी तुझ्या नावाचा असा ग्रंथ लिहीन, जो शेवटपर्यंत टिकेल.

या कथेतली वाटी मात्र खरी आहे. ती आपल्या लग्नातली घटिका. तांब्याची वाटी, तळाला सुईएवढे भोक, भरून बुडायला चोवीस मिनिटे, म्हणजे एक घटका. साठ घटकांचा दिवस, साठ पळांची घटका. भिंतीवरची घड्याळे येण्याआधी लग्नाचा मुहूर्त हीच वाटी ठरवी, आणि ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार तिच्यातूनच आला. फैजीला ही कथा सांगणारा जो कोणी असेल, त्याला इथल्या लग्नाची रीत चांगली माहीत होती. पण भास्कराचार्य माहीत नव्हते. कारण गोलाध्यायात ‘यंत्राध्याय’ नावाचे प्रकरण आहे आणि त्यात इतर यंत्रांबरोबर घटीयंत्रही आहे. वेळ मोजायची इतकी साधने ज्याला ठाऊक, त्याने लेकीचे आयुष्य एका वाटीवर सोपवून तिच्याकडे पाठ फिरवली, हे मला पटत नाही. दिवसाचा मुहूर्त असता तर नुसत्या शंकूच्या सावलीवरून त्याला चूक कळली असती.

मोती मात्र कथेला चांगला सापडला. जगभर मुलींच्या नावांत मोती आहेच. आपल्याकडे मुक्ता. फ्रान्समध्ये मार्गरीट. ग्रीक भाषेत मोत्याला ‘मार्गारिटिस’ म्हणत, लॅटिनमधून ते फ्रेंचमध्ये आले आणि तिथे त्याच शब्दाने डेझीचे पांढरे फूलही ओळखले जाऊ लागले. शेवंतीएवढे ते साधे रानफूल आणि समुद्रातला मोती, एकाच नावात. फ्रेंच नावांचा इतिहास लावणे सोपे, कारण तिथे नावे सरकारदरबारी बांधलेली होती. १ एप्रिल १८०३ च्या कायद्याने मुलाचे नाव प्रचलित पंचांगांतल्या संतांच्या नावांतून किंवा प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध माणसांच्या नावांतूनच ठेवायची सक्ती झाली. पुढे ती सैल होत गेली, पण आईबापांना पुरती मोकळीक १९९३ मध्ये मिळाली. तरीही पुस्तकातली नावे पाळण्यात आलीच. जर्मेन द स्ताल या लेखिकेची ‘कोरिन’ ही कादंबरी १८०७ मध्ये निघाली. तिची नायिका उत्स्फूर्त कविता करणारी, रोमच्या कॅपिटोलवर तिच्या डोक्यावर कवीचा मुकुट चढवला जातो. कादंबरीने कोरिन हे नाव फ्रान्सभर ओळखीचे केले. त्याचे मूळ ग्रीक, अर्थ कुमारी, म्हणजे आचार्यांच्या हाकेतली ‘बाला’च.

लीलावतीच्या नावाचा प्रवासही असाच झाला, फक्त कायद्याशिवाय. १५४५ मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तिच्यावर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली, पुन्हा एक स्त्रीलिंगी नाव. नंतर फैजीचे फारसी. १८१६ मध्ये जॉन टेलरने मुंबईत तिचे इंग्रजी भाषांतर छापले, १८१७ मध्ये कोलब्रुकचे लंडनला निघाले. खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला १८१८ मध्ये. म्हणजे मुलूख हाती यायच्या आधी मुलखातले पुस्तक इंग्रजांच्या हाती आले होते. फैजीची कथा याच वाटेने पसरली. सांगताना प्रत्येकाने थोडी भर घातली. आज ऐकू येणाऱ्या काही रूपांत लग्न होते आणि नवरा मरतो, आणि विधवा लेकीचे दुःख हलके करायला बाप गणित शिकवतो. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राला ते रूप जवळचे वाटले असेल तर नवल नाही.

आता तो दगड. पाटणच्या पडक्या भवानीमंदिरातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती छापली. भाऊ दाजी मुंबईतले नामांकित डॉक्टर. रोग्यांतून वेळ काढून शिलालेख वाचत. लेख शके ११२८ चा, इसवीचे वर्ष १२०७. श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, इथे राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने सर्व लोकांसमक्ष पाणी सोडून एका मठाला दान दिले. मठ काढला होता चांगदेवाने. हा तापी-पूर्णेच्या संगमावरचा योगी चांगदेव नव्हे. हा भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. मठ कशासाठी? आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून. आपल्या मुलखात एका गणितज्ञाच्या नावाने आठशे वर्षांपूर्वी संशोधन संस्था होती, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटी भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. कारण सरळ आहे: दानाचा तो तपशील बाजारातल्या माणसाला कळायला हवा होता. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालातला मठाचा वाटा किती, तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यायचे, हे त्यात आहे. राजाची स्तुती संस्कृतात आणि तेलाचा हिशेब मराठीत. मराठीच्या जुन्या शिलालेखांत पाटणचा हा लेख मानाने मोजला जातो तो या काही ओळींसाठी.

संस्कृत भागात वंशावळ आहे. कविचक्रवर्ती त्रिविक्रम, त्याचा मुलगा भास्करभट्ट, ज्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि चांगदेव. नऊ पिढ्या. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने इथून बोलावून नेले, हेही लिहिले आहे. याच तालुक्यात गिरणेकाठी बहाळ आहे. तिथे शके ११४४ चा दुसरा लेख आहे, भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंत याने भवानीचे देऊळ बांधले त्याचा. तिथेही मनोरथ, महेश्वर, श्रीपती, गणपती, अनंत. दोन्ही दगड मिळून घराण्यातली एवढी नावे सांगतात आणि त्यांत एकाही लेकीचे, सुनेचे, आईचे नाव नाही. घराण्यातल्या ज्या एकाच स्त्रीचे नाव जग घेते, ती लीलावती, तिचा मागमूस नाही.

याचा अर्थ भास्कराचार्यांना मुलगी नव्हती असा होत नाही. मुली असतील, सुना तर असणारच, नाहीतर चांगदेव कुठून आला? पण वंशावळ कोरणाऱ्याला त्यांची नावे नोंदायची नव्हती. पुस्तकातल्या पाटीला मात्र विशेषण मिळाले, विशेषणाचे विशेषनाम झाले, नावाला डोळे मिळाले, मग बाप, पत्रिका, मोती आणि फसलेले लग्न. ज्या बायका खऱ्याच होत्या त्या दगडावर आल्या नाहीत, आणि जी बहुधा नव्हतीच ती चारी दिशांना गेली.

पाटणला एक नाव मात्र दगडावर आहे आणि ते खऱ्या बाईचे आहे. तिथल्या महादेवाच्या देवळाचा लेख शके १०७५ चा, म्हणजे ११५३ चा, लीलावती लिहून झाल्यानंतर तीनच वर्षांनी. निकुंभ राजा इंद्रराज याने ते देऊळ बांधायला घेतले आणि तो वारला. मुलगा गोवन लहान होता. तेव्हा राज्य चालवले इंद्रराजाच्या विधवेने. तिचे नाव श्रीदेवी. मुलगा मोठा होईपर्यंत या मुलखाचा कारभार तिने पाहिला, आणि देऊळ पुरे झाले. श्रीदेवी म्हटले की आपल्याला पडद्यावरची श्रीदेवी आठवते, यात कुणाचा दोष नाही. पण भास्कराचार्यांच्या काळात पाटणवर राज्य करणारी ही बाई खानदेशातल्या शाळेत कुणी शिकवली आहे का?

बायकांची नावे कशी ठेवली जात, याचा धांडोळा घ्यायला खानदेशासारखा मुलूख नाही. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० मध्ये असोद्याला नागपंचमीच्या दिवशी झाला. त्यांच्या बहिणी अहिल्या, सीता आणि तुळसा. देव, संत, राणी, अंगणातले झाड आणि नाते: कुणबी घरांतली नावे इथूनच येत. बहिणाबाई हे नाव तर उघड उघड नात्याचे, आणि संत बहिणाबाईंमुळे पुण्यप्रदही. आता त्यांच्या नावाने जळगावला विद्यापीठ आहे. ‘वती’ची नावे त्या मानाने पुस्तकी, पोथीतून किंवा शिकलेल्या घरांतून आलेली, आणि विसाव्या शतकात शाळा वाढल्या तशी खेड्यात पोहोचलेली. पोहोचली की लगेच इथल्या जिभेने त्यांना कापले: लीलावतीची लिलाबाई, इंदुमतीची इंदुबाई. नावे अशी झिजतात कशी, याचे वेड इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना होते. गावांची, माणसांची नावे गोळा करून त्यांची मुळे शोधत ते हिंडले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांचा नामादिशब्दव्युत्पत्तिकोश पुढे धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने छापला. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती पटत नाहीत, काही तर हट्टाने ओढलेल्या आहेत. पण नाव हा इतिहासाचा कागद आहे, हे त्यांनीच मराठी माणसाला दाखवले.

अलीकडे लीलावती पुन्हा गणिताकडे वळली आहे. २००८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने भारतातल्या स्त्री वैज्ञानिकांची आत्मकथने एकत्र छापली, त्या इंग्रजी पुस्तकाचे नाव ‘लीलावतीच्या मुली’ असे आहे. रोहिणी गोडबोले त्याच्या संपादकांपैकी एक. २०१० मध्ये हैदराबादला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली. तिथे सामान्य लोकांत गणित पोहोचवणाऱ्याला ‘लीलावती पुरस्कार’ देणे सुरू झाले, पहिला सायमन सिंग यांना. फैजीची लीलावती बापाच्या दुःखाचे कारण होती. पुरस्कारातली लीलावती लोकांना गणित सांगणाऱ्याच्या कामाला येते, आणि पहिल्या श्लोकातल्या अर्थाला ती जास्त जवळची आहे.

जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ हे १९७१ चे मराठी पुस्तक जुन्या वाचनालयांत मिळू शकते, मिळाले तर वर्गात न्या आणि भुंग्यांचे गणित फळ्यावर घाला. मोत्याची गोष्ट सांगायची तर फैजीचे नाव घेऊन सांगा. आणि पाटणादेवीला सहल नेलीत तर धबधब्याआधी महादेवाच्या देवळाशी थांबा आणि मुलींना श्रीदेवीचे नाव सांगा.